तुलनेचा राग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय कार्यकर्ता पुष्कळ काही सोसतो. कार्यक्रमावरची टीका सोसतो, निवडणुकीतला पराभव सोसतो, प्रसंगी तुरुंगवासही सोसतो. त्याला सहसा सोसत नाही ती एकच गोष्ट: आपल्या नेत्याची दुसऱ्या नेत्याशी केलेली तुलना. तो दुसरा नेता विरोधी पक्षातला असेल तर फारसे बिघडत नाही, कारण त्या तुलनेचा निकाल मनात आधीच लागलेला असतो. खरा दाह होतो तो एकाच विचाराच्या, एकाच ध्येयासाठी झटणाऱ्या दोन वलयांकित व्यक्ती शेजारी शेजारी उभ्या केल्या म्हणजे. मग तुलना करणाऱ्याचा हेतू तपासला जातो. त्याची निष्ठा तपासली जाते. त्याने मांडलेला मुद्दा मात्र तपासायचा राहून जातो.

हा राग कोठून येतो आणि चळवळीला कोठे नेऊन सोडतो, याचा विचार करण्यासाठी दूरचे उदाहरण घेणे बरे. जवळच्या उदाहरणात प्रत्येकजण आपापल्या नेत्याच्या बाजूने बाह्या सरसावून बसलेला असतो. दूरच्या उदाहरणात दृष्टी थोडी निवळलेली असते. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. राज्यकारभाराची सर्व सूत्रे जेथे एका व्यक्तीच्या हाती जातात, तेथे पक्ष, कार्यक्रम आणि चळवळ यांचे सारे पाणी अखेर एका नावाच्या पाटातून वाहू लागते. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी या दोन सिनेटरांमध्ये जी चुरस झाली, तिच्यात ही गोष्ट स्पष्ट दिसते.

युद्धाचा प्रश्न आणि उमेदवाराचा शोध

१९६७ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये सुमारे पाच लाख अमेरिकन सैनिक लढत होते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे १९६४ साली प्रचंड बहुमताने निवडून आलेले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे त्यांच्याच कारकिर्दीत झाले, दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रमही त्यांनीच हाती घेतला. परंतु युद्धाच्या खर्चाने तो कार्यक्रम गिळून टाकला. विद्यापीठांतून निदर्शने होत होती. अशा वेळी ॲलर्ड लोवेन्स्टीन या तरुण कार्यकर्त्याने पक्षातूनच जॉन्सन यांना आव्हान देण्याची मोहीम उभारली. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी प्रश्न होता, मग मोहीम झाली, आणि उमेदवाराचा शोध सर्वांत शेवटी सुरू झाला. चळवळीला नायक नव्हता. चळवळ नायक शोधत होती.

लोवेन्स्टीन प्रथम रॉबर्ट केनेडी यांच्याकडे गेले. केनेडींनी नकार दिला. आपण उभे राहिलो तर हा युद्धाचा प्रश्न न राहता जॉन्सन आणि केनेडी यांचे वैयक्तिक वैर ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. इतरांनीही नकार दिल्यावर मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी तयार झाले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी आपली उमेदवारी जाहीर केली. शांत, विद्वान, कविता करणारा, सभेत आवाज न चढवणारा हा मनुष्य. हजारो विद्यार्थी न्यू हॅम्पशायरच्या थंडीत घरोघर हिंडू लागले. सामान्य मतदार बिचकू नये म्हणून मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले. जानेवारीअखेर व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला झाला आणि विजय जवळ आल्याचे सरकारी दावे उघडे पडले. १२ मार्च १९६८ रोजी न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली, जॉन्सन यांना ४९ टक्के. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते, ते हाताने लिहावे लागत होते, हे खरे. पण पदारूढ अध्यक्षाला त्याच्याच पक्षात एवढे आव्हान मिळणे हा राजकीय भूकंपच होता. तेथील २४ प्रतिनिधींपैकी २० मॅकार्थींच्या वाट्याला आले.

आणि चारच दिवसांनी, १६ मार्च रोजी, केनेडींनी आपली उमेदवारी जाहीर केली.

दोन छावण्या

त्या दिवसापासून युद्धविरोधी चळवळीच्या दोन छावण्या झाल्या. मॅकार्थींसाठी बर्फ तुडवलेल्या तरुणांचा संताप समजण्यासारखा होता. धोका होता तेव्हा घरात बसलेला मनुष्य वाट मोकळी होताच पुढे सरसावला, अशी त्यांची भावना झाली. मरे केम्प्टन या पत्रकाराने केनेडींची संभावना करताना, लढाई संपल्यावर टेकडीवरून खाली येऊन जखमींवर गोळ्या झाडणाऱ्या माणसाची उपमा दिली. केनेडींच्या पाठीराख्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट. मॅकार्थी हे केवळ निषेधाचे उमेदवार. अध्यक्षपद जिंकण्याची कुवतही त्यांच्यात नाही आणि इच्छाही नाही. जो खरोखर युद्ध थांबवू शकेल त्याच्या वाटेत ते अहंकारापोटी उभे आहेत.

या दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पक्षपाताची रीत ध्यानात येते. मॅकार्थी आधी उभे राहिले: त्यांच्या अनुयायांच्या लेखी ते धैर्य, दुसऱ्यांच्या लेखी ‘गमावण्यासारखे काहीच नसलेल्या माणसाची चैन’. केनेडी नंतर उभे राहिले: एका बाजूला तो विवेक, दुसऱ्या बाजूला संधिसाधूपणा. मॅकार्थींचा संथपणा इकडे भारदस्तपणा, तिकडे आळस. केनेडींचा आवेग इकडे करुणा, तिकडे जनसमूहाला भुलवण्याची कला. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण मराठी मुलखातली असली तरी तिचे राज्य सर्व खंडांवर चालते. गुण तोच, वागणूक तीच; बदलले होते ते केवळ पाहणाऱ्याचे आसन.

एवढ्यावर भागले नाही. केनेडींच्या बाजूने मॅकार्थींच्या सिनेटमधील मतदानाची अपुरी आणि विपर्यस्त माहिती पत्रकांतून पसरवण्यात आली. मॅकार्थींच्या बाजूने कॅलिफोर्नियात अशी जाहिरात निघाली की, डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लष्करी हस्तक्षेपाच्या निर्णयात केनेडींचा भाग होता. तो हस्तक्षेप एप्रिल १९६५ चा. केनेडींनी मंत्रिपद सोडले होते सप्टेंबर १९६४ मध्येच. १ जून रोजी दूरचित्रवाणीवर दोघे समोरासमोर आले तेव्हा या तक्रारींची उजळणी झाली. देशात युद्ध पेटले असताना युद्धाला विरोध करणारे दोन नेते एकमेकांच्या पत्रकांचे खुलासे मागत बसले होते.

या दाहाला जुनी कारणेही होती. १९६० च्या पक्षाधिवेशनात जॉन केनेडी यांच्याविरुद्ध ॲडलाय स्टीव्हन्सन यांचे नाव सुचवणारे गाजलेले भाषण मॅकार्थींनीच केले होते. त्या वेळची अढी दोन्ही बाजूंच्या मनात होती. व्यक्तिनिष्ठेचे एक वैशिष्ट्य असे की, ती जुन्या जखमा बऱ्या होऊ देत नाही. त्यांचीच ती निशाणे बनवते.

तुलना करायला हवी होती ती कशाची?

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की तुलनाच वाईट. दोघेही थोर, दोघांनाही वंदन करावे आणि गप्प बसावे. हा निष्कर्ष घातक आहे. तुलना करायला हवी होती. ती झालीच नाही, ही खरी हानी. दोन माणसांच्या स्वभावांची तुलना अहोरात्र चालली. त्यांच्या कृतींची आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजाची तुलना क्वचितच कोणी केली.

कृतींचे पाहा. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताविषयीचा जो ठराव जॉन्सन यांना युद्धाचा मोकळा परवाना देऊन गेला, तो सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला. अनुकूल मतांमध्ये युजीन मॅकार्थी यांचेही मत होते. केनेडी तेव्हा सिनेटमध्ये नव्हते. पण व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा पाय ज्या शासनाने खोल रुतवला, त्या आपल्या भावाच्या शासनात ते महान्यायवादी होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास १९६३ साली अनुमती देणारेही तेच. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून ज्याच्या मोटारीभोवती गर्दी लोटत होती, तोच हा मनुष्य. माणसे बदलतात, दोघेही बदलले होते आणि तो बदल प्रामाणिक होता असे मानण्यास जागा आहे. परंतु भक्ताला आपल्या दैवताचा भूतकाळ नको असतो. ज्याला भूतकाळ नको, त्याला झालेल्या बदलाची किंमतही कळत नाही.

धोरणांचे पाहा. सायगावमध्ये संमिश्र सरकार येण्यास अमेरिकेने आधीच मान्यता द्यावी, असे मॅकार्थी म्हणत. ते सरकार वाटाघाटींच्या आधी लादू नये, असे केनेडींचे मत. हा फरक खरा होता आणि युद्धाच्या अंताशी त्याचा थेट संबंध होता. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या असू नयेत, नवी घरे वस्तीबाहेरही व्हावीत, अशी भूमिका मॅकार्थींनी त्या चर्चेत घेतली. केनेडींचा भर होता तो त्याच वस्त्यांत रोजगार व उद्योग नेण्यावर. पण उत्तर देताना, ‘दहा हजार काळ्यांना ऑरेंज परगण्यात नेणार काय’ अशा आशयाचे बोलून, गोऱ्या मतदाराच्या भीतीला त्यांनी हात घातला. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभले नाही. यावर त्यांच्या अनुयायांनी त्यांना जाब विचारायला हवा होता. पण जाब विचारणे म्हणजे दुसऱ्या छावणीला मदत करणे, असे ठरून गेले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समाजाचे पाहा. मॅकार्थींच्या मागे होते विद्यार्थी, प्राध्यापक, उपनगरांतील सुशिक्षित मध्यमवर्ग. केनेडींच्या मागे होते कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे शेतमजूर, कारखान्यांतील कॅथलिक कामगार. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांनी १० मार्च १९६८ रोजी डेलानो येथे आपले पंचवीस दिवसांचे उपोषण सोडले तेव्हा केनेडी त्यांच्या शेजारी बसले होते. कॅलिफोर्नियात चावेझ यांच्या संघटनेने त्यांच्यासाठी घरोघर प्रचार केला. ओरेगनमधील प्रचारात मॅकार्थी मात्र असे बोलून गेले की, अधिक शिकलेले लोक आपल्या बाजूला आहेत आणि केनेडींना मते देणारे कमी शिकलेले. समाजवादी दृष्टीच्या माणसाने या ठिकाणी थबकावे. दोन नेत्यांमधील अंतर म्हणून जे दिसत होते, ते मुळात शिकलेला मध्यमवर्ग आणि श्रमिक गरीब यांच्यातील अंतर होते. एकाला युद्धाची नैतिक लाज वाटत होती. दुसऱ्याची मुले त्या युद्धात मरत होती. या दोघांना एकत्र आणणे हेच पुरोगामी राजकारणाचे खरे काम. ते काम बाजूला राहिले, आणि दोघेही आपापल्या नायकाच्या तसबिरीला हार घालत बसले.

दोघांचे भांडण

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. इंडियाना आणि नेब्रास्का केनेडींनी जिंकले, ओरेगन मॅकार्थींनी. ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडींना ४६ आणि मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. त्याच मध्यरात्रीनंतर विजयसभा आटोपून बाहेर पडत असताना केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जून रोजी त्यांचा अंत झाला.

आता तरी दोन्ही छावण्या एक व्हाव्यात, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. ज्या केनेडी-प्रतिनिधींना मॅकार्थींकडे जाणे जिवावर येत होते, त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उभे करण्यात आले. मॅकार्थीही जणू सार्‍यातून मन काढून घेऊन दूर झाले. नायक मरण पावला तरी नायकनिष्ठा मागे उरते, आणि ती अनेकदा अधिकच कडवी होते.

या काळात तिसरा मनुष्य काय करत होता? उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नाही. बहुसंख्य प्रतिनिधी तेव्हा प्राथमिक निवडणुकांतून येतच नसत. राज्याराज्यांतील पक्षधुरीण, महापौर, कामगार संघटनांचे पुढारी यांच्या हाती ते होते. शिकागोच्या अधिवेशनात युद्धविरोधी ठराव सुमारे १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला आणि हम्फ्रींना सुमारे १,७६० मते मिळून उमेदवारी पहिल्याच फेरीत मिळाली. मॅकार्थींना ६०१, मॅकगव्हर्न यांना १४६. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या तरुणांच्या डोक्यांवर पडत होत्या.

हे दोन गट एक झाले असते तर उमेदवारी मिळालीच असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. आकडे तसे सांगत नाहीत. परंतु त्याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ठरावाला हजारावर मते मिळाली. दोन्ही युद्धविरोधी उमेदवारांना मिळून साडेसातशेच्या आसपास. प्रश्नामागे जितकी माणसे होती तितकी नायकांमागे नव्हती. चळवळीचे बळ तिच्या प्रश्नात होते. ते तिने नावांमध्ये वाटून टाकले. मॅकार्थींनी हम्फ्रींना पाठिंबा जाहीर केला तो मतदानास जेमतेम आठवडा उरला असताना, तोही अनिच्छेने. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन सुमारे पाच लाख मतांच्या फरकाने विजयी झाले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा नव्हे तर चौथ्याचा लाभ. पॅरिसचा करार व्हायला जानेवारी १९७३ उजाडले. निक्सन यांच्या कारकिर्दीत वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसांच्या मृत्यूची मोजदाद लाखांत करावी लागते.

या कथेतील सर्वांत बोलका तपशील तर बहुतेकांच्या स्मरणातही नाही. १९६४ च्या त्या ठरावाविरुद्ध मत देणारे जे दोघे सिनेटर होते, ते म्हणजे ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. युद्धाविरुद्ध पहिले पाऊल त्यांनी टाकले, तेही सारे सभागृह विरुद्ध असताना. त्याच १९६८ साली दोघांनीही आपापल्या जागा गमावल्या: ग्रुएनिंग पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत पडले, मोर्स नोव्हेंबरमध्ये अगदी थोड्या मतांनी. ज्या ओरेगनमध्ये मे महिन्यात केनेडी श्रेष्ठ की मॅकार्थी यावर रान पेटले होते, त्याच ओरेगनमध्ये युद्धाचा सर्वांत जुना विरोधक हरला. त्यांच्या पराभवाला स्थानिक कारणेही होती. तरी वलय कोणाकडे जाते आणि कृती कोणाच्या खात्यावर असते, यातील तफावत याहून स्पष्ट दिसणार नाही. आणि ज्यांच्यासाठी तरुणांनी न्यू हॅम्पशायरचा बर्फ तुडवला त्या मॅकार्थींनी १९८० साली रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला. नायकाच्या पुढच्या आयुष्याची हमी अनुयायांना कोणीही देऊ शकत नाही.

ठरावांची तुलना

मग याला उपाय काय? फ्रान्सच्या समाजवादी पक्षाने एका वेळी शोधलेला मार्ग येथे पाहण्यासारखा आहे. फ्रान्स्वा मित्तेराँ आणि मिशेल रोकार यांच्यातील चुरस तितकीच तीव्र होती. पण एप्रिल १९७९ मध्ये मेट्झच्या अधिवेशनात ती लढली गेली लेखी ठरावांच्या रूपाने. राष्ट्रीयीकरण, बाजारपेठ, कम्युनिस्टांशी युती यांविषयी प्रत्येक गटाने आपली भूमिका मांडली, शाखाशाखांतून सभासदांनी त्यावर मते दिली आणि मतांच्या प्रमाणात समित्यांवर जागा मिळाल्या. मित्तेराँ उभे राहिले तर आपण त्यांच्याविरुद्ध उभे राहणार नाही, असे रोकार यांनी त्या अधिवेशनात जाहीर केले. १९८० च्या शरदात त्यांनी आपली उमेदवारी पुढे केली होती. पण मित्तेराँ रिंगणात उतरताच शब्द पाळून ते बाजूला झाले. १० मे १९८१ रोजी मित्तेराँ निवडून आले. तेथेही कटुता होतीच. पण तुलनेला बसायला एक पाट होता, आणि तिचा निकाल मानण्याची रीत होती.

हीच रीत पुढे अध्यक्षपदाच्या झगमगाटाने खाऊन टाकली, हेही सांगितले पाहिजे. १९९० च्या रेन येथील अधिवेशनापर्यंत विचारांचे गट हे व्यक्तींचे गट झाले होते आणि मित्तेराँ यांच्या वारसदारांची झोंबी सर्व देशाने पाहिली. अमेरिकेतही शिकागोनंतर नियम सुधारले, प्राथमिक निवडणुका वाढल्या, पक्षधुरीणांचा एकाधिकार संपला. हे इष्टच झाले. परंतु दूरचित्रवाणी आणि पैसा यांच्या जोरावर उमेदवार पक्षाहून मोठा होऊ लागला. तात्पर्य, नियम आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत. नियमामागे सवय लागते आणि ती सवय कार्यकर्त्याने लावून घ्यायची असते.

आपल्याकडे

हा विषय परदेशापुरता आहे असे कोणी समजू नये. आणीबाणीच्या काळात, आणि पुन्हा १९८० च्या दशकात वसंत साठे यांच्यासारख्यांकडून, भारताने अध्यक्षीय पद्धती स्वीकारावी असे सुचवले गेले. ती सूचना मान्य झाली नाही. पण संसदीय निवडणुका चेहऱ्यांच्या झुंजी म्हणून लढवण्याची रीत राज्यघटना न बदलताही रुळली. १९७७ साली जनता पक्ष विजयी झाला तेव्हा मोरारजी देसाई, जगजीवनराम आणि चरणसिंग या तिघांपैकी कोण, हा प्रश्न खासदारांच्या मतदानाने न सोडवता जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवण्यात आला. हेतू चांगला होता: तुलना टाळावी, मने दुखवू नयेत. टाळलेली तुलना मनातल्या मनात चालू राहिली आणि जुलै १९७९ मध्ये सरकार कोसळले. त्या पडझडीला इतर कारणे होती; पण उघड्यावर न झालेला निवाडा हेही त्यांपैकी एक होते. समाजवाद्यांनी या काळात आणि त्याआधी १९५५ च्या फुटीतही ही वेदना भोगलेली आहे. प्रश्नांवरून सुरू झालेले मतभेद नावांवर येऊन थांबले, आणि नावे गेली तरी दुरावे राहिले.

आपल्या परंपरेत याचे औषधही आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख आला. जवाहरलाल नेहरूंच्या लोकप्रियतेत हुकूमशाहीची बीजे आहेत, त्यांना पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष करू नये, असा इशारा त्यात होता. लेखक होते स्वतः नेहरू. आपल्या वलयाचा असा पंचनामा करणारा नेता विरळा. आणि असा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता तर नेहरूभक्तांनी त्याचे काय केले असते, याची कल्पना करता येते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, अशा आशयाचा इशारा दिला. अमेरिकन समाजवाद्यांचे नेते युजीन डेब्ज श्रोत्यांना सांगत की, मी तुम्हाला सुखाच्या प्रदेशात नेऊ शकलो असतो तरी नेले नसते, कारण मी आत नेले तर दुसरा कोणी तुम्हाला बाहेरही नेईल. तीन देशांच्या नव्हे, तीन वृत्तींच्या या माणसांचे सांगणे एकच आहे.

म्हणून कार्यकर्त्याने तुलनेला भिऊ नये. ती नीट करावी. दोन नेते समोर आले म्हणजे आधी आपला प्रश्न लिहून काढावा आणि मग त्या प्रश्नावर कोणी केव्हा काय केले हे पाहावे. भाषणाच्या आधी मतदान पाहावे. नेत्यामागे कोणता वर्ग उभा आहे आणि कोणता नाही, हे विचारावे. जो उभा नाही तो का नाही, हे अधिक आग्रहाने विचारावे. निवडून आल्यावर या माणसाला जाब विचारण्याची सोय पक्षाकडे आहे काय, हे तपासावे. आणि अखेरीस स्वतःची परीक्षा घ्यावी: जो दोष दुसऱ्याच्या नेत्यात दिसताच आवाज चढतो, तोच आपल्या नेत्यात दिसल्यावर आवाज उतरतो काय? उतरत असेल, तर तेथे विचार थांबला आणि भक्ती सुरू झाली असे समजावे.

न्यू हॅम्पशायरच्या बर्फात हिंडणारी मुले आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबणारे मजूर एकाच बाजूचे होते. त्यांची गाठ पडली नाही, कारण मध्ये दोन तसबिरी उभ्या होत्या. तसबिरी भिंतीवर असाव्यात. वाटेत नसाव्यात.